पाटापलीकडच्या गोंदण्या

“हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?”

रतनबाईचे दोन्ही हात गव्हाच्या चिकाने भरले होते. मोबाईल तिने दोन मनगटांत धरून कसाबसा उचलला आणि मान वाकडी करून खांद्यात दाबला. अंगणात बाजेवरच्या कापडावर कुरडयांची चौथी ओळ चालू होती. ऊन वर यायच्या आत चीक संपवायचा होता.

“बोला की… गॅसवाले का?… हां, टाकी संपली हाय, पन वस्तीवर आणून द्यावी लागंल… नेवाशाहून येताना शाळेपासून डाव्या हाताला… हॅलो? आवाज येत न्हाई तुमचा… कोण?”

आणि ती एकदम थांबली. पलीकडून फक्त ‘आक्का’ एवढंच आलं होतं. तिला आक्का म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने गेल्या उन्हाळ्यापासून तिला हाक मारली नव्हती.

“ज्ञानू?… ज्ञानू, तूच ना गं?… न्हाई न्हाई, कामात कसली, बसलेच हाय… थांब, हात पुसते. ठेवू नको हां… फोन ठेवू नको, ऐकतीस ना?… हां. बोल. बोल बाई.”

ज्ञानेश्वरी तिची धाकटी बहीण, नगरला दवाखान्यात नर्स. लग्न झाल्यापासून तिचा मे महिना रतनबाईच्या वस्तीवरच जायचा. आई-वडील नव्हते, तेव्हा आक्काचं घर तेच माहेर. मुलगा झाल्यावर त्याला घेऊन यायची. एक बहीण गोधडीला टाके घालायची, दुसरी लोकर घेऊन बसायची, आणि रतनबाईची ऋतुजा नि ज्ञानूचा पार्थ दिवसभर बांधाबांधाने रानमेवा शोधत हिंडायचे. गेल्या मे महिन्यात नऊ वर्षांचा पार्थ पाटात बुडाला. त्यानंतर ज्ञानूने बहिणीचा फोन उचलला नाही. दिवाळीला रतनबाई एसटीने नगरला गेली, तर आत लाईट चालू असून दार उघडलं नाही. पायरीवर फराळाचा डबा ठेवून ती परत आली होती.

“नंबर बदलला व्हय गं?… हां, मला वाटलं गॅसवाला… अगं कुरडया घालत हुते. यंदा गहू लई चांगला उतरला, चीक असा पांढराशुभ्र… तुझ्यासाठी पन दोन किलोच्या केल्यात बघ… ऊन कसं हाय तिकडं? इथं तर नवालाच चटका बसतोय… तुझे दाजी बरे हायेत, गुडघा तेवढा… हां… हां, ऐकते… न्हाई, तू बोल. तू बोल, मी गप बसते.”

हातावरचा चीक वाळून ताणायला लागला होता.

“काय?… वही?… कसली वही?”

हे विचारताना तिने मान वळवून घराकडे पाहिलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ऋतुजा आत होती, नेहमीसारखी.

“न्हाई गं, तसं काय… चित्राची वही म्हणतीस?… कुणी सांगितलं तुला?… पार्थनं?… काय बोलतीस ज्ञानू… अगं ऐक ना, मला काय कळंना… हां… त्याचा आवाज? तुझ्या मोबाईलमधी? इथनं धाडल्याला?… आत्ता सापडला?”

ज्ञानू सांगत होती ते ऐकता ऐकता रतनबाई ओट्याच्या पायरीवर बसली.

“वर्षभर उघडलंच न्हाईस?… व्हय, कसं उघडवंल… कधी उघडलंस मग?… काल… आणि काय म्हणतोय त्याच्यात?… ‘आई, मी आणि ताई पुस्तक…’ रडू नको गं. रडू नको बाई… न्हाई, रड. रड, मी हाय इथं.”

गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती. रतनबाई एकदा म्हणाली, “न्हाई, वही बिही काय न्हाई सापडली तवा.” मग लगेच म्हणाली, “थांब.” पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला असावा.

“…हाय. हाय माझ्यापाशी.”

“न्हाई दिली. चुकलं माझं… चुकलं गं. तू मागितली असतीस तर… व्हय, तुला ठाऊकच नव्हतं तर तू कशी मागशील. बरोबर हाय तुझं… ट्रंकमधी हाय. लुगड्यांच्या खाली… आत्ता? फोनवर?… अगं उद्या पाठवते की, तुझे दाजी येतील घेऊन… बरं. बरं, काढते. धर तू.”

तिने फोन पायरीवर ठेवला, हौदावर हात धुतले आणि घरात गेली. ट्रंकेचं झाकण उघडताना आवाज होऊ नये म्हणून तिने कडी बोटाने धरली. वही तिला शोधावी लागली नाही. वर्षभरात तिने ती इतक्या वेळा काढली होती की हात आपोआप त्या कोपऱ्यात गेला. दरवेळी शेवटचं पान उघडायचं, ते फाडायला बोटं लावायची, आणि पुन्हा मिटून ठेवायची. पार्थच्या हातचं अक्षर होतं ते. फाडवत नव्हतं.

“हॅलो… हाय ना तू?… आणली. हातात हाय.”

“शाळेची चित्रकलेची वही गं, आडवी. ऋतुजाची हुती, अर्धी कोरी राहिल्याली. वर पुठ्ठ्यावर त्यानं लिहिलंय… वाचू?… ‘उन्हाळ्याचे पुस्तक. चित्रे ऋतुजा. लेखक पार्थ.’… व्हय, लेखक!… हां, ‘ळ’ उलटा काढलाय. कसं कळलं तुला?… नेहमीच उलटा काढायचा?… बघ की.”

ज्ञानू तिकडे हसली असावी, कारण रतनबाईच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. मग दोघींनाही त्याची शरम वाटल्यासारखी झाली.

“पयल्या पानावर गोंदणी हाय. झाड काढलंय ऋतुजानं. फळं मात्र खरीच चिकटवलीत, वाळून मण्यासारखी झालीत आता, तांबूस… खाली लिहिलंय, ‘गोंदनी फुकट मिळते. खाल्ली की ओठाला ओठ चिकटतो. मग मावशी म्हणते आता गप्प बसशील’… व्हय गं, मीच म्हणायची त्याला तसं. किती बडबडायचा.”

“पुढं?… पुढं निवडुंग. हे पान सगळं गुलाबी. बोंडं फोडून त्याचाच रंग केला हुता दोघांनी. वाटी माझी, आमटीची. अजून डाग हाय तिला… वाचते… ‘बोंड चिमट्याने काढावे. ताई ते वाळूत घासते म्हणजे काटे जातात. तरी माझ्या जिभेत एक गेला. मी रडलो नाही. थोडा रडलो’… आं?… कधीचं? तू सोडून गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी. मीच काढला काटा, बॅटरी लावून. तुला सांगू नको म्हणला, आई नर्स हाय, इंजेक्शन देईल… व्हय… व्हय गं.”

गेल्या वर्षी ज्ञानूला सुट्टी मिळाली नव्हती. पार्थला सोडून ती दुसऱ्या दिवशी परत गेली होती, पंधरा दिवसांनी न्यायला यायच्या बोलीवर. तिला यावं लागलं अकराव्या दिवशी.

“विलायती चिंच… तुती… रांजणाची पिवळी फळं. रांजणाला त्यानं पाच चांदण्या दिल्यात. प्रत्येक फळाला देतोय चांदण्या. भोकराला एकच… हे बघ, इथं माझ्या गोधडीचा तुकडा डकवलाय. हिरव्या लुगड्याचा. ‘ही मावशीची कला. हिला पण पाच’… थांब जरा. दिसंना मला.”

पदराने डोळे पुसून तिने पान उलटलं. राहिलं होतं ते एकच पान. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पेन्सिलीचा चौकोन होता, चित्रासाठी सोडलेला, रिकामा. खाली सहा ओळी.

“झालं गं. एवढंच हाय… व्हय, संपली… मागची कोरी हायेत सगळी.”

पलीकडून ज्ञानूने काय म्हटलं कोण जाणे. कदाचित नुसतं ‘बरं’ म्हणाली असेल. कदाचित आभार मानले असतील. रतनबाईने वही मिटली, मांडीवर ठेवली, आणि तेवढ्यात तिच्या कानात बहिणीचं पुढचं बोलणं शिरलं तशी ती ताठ झाली.

“ऋतुजा?… बरी हाय… न्हाई, चित्रं न्हाई काढत आता. पेन्सिल धरली न्हाई वर्षात. दहावीला पेपर दिले, काय लिहिलं तिचं तिला म्हाईत. बोलत न्हाई कुणाशी… न्हाई गं, तिचा राग कशाला करू मी… काय?… तू अजून… अजून तिला माफ… व्हय. समजतं मला. तुझं पोरगं गेलं. मोठी हुती ती, तिनं बघायला पायजे हुतं, असं वाटणारच तुला…”

ती बोलता बोलता अडखळली. त्या संध्याकाळचं तिला सगळं दिसलं. ओट्यावर चादरीखाली पार्थ. ज्ञानू आली ती थेट ऋतुजावर गेली, दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं, सगळ्या वस्तीसमोर एक थोबाडीत मारली. ‘मोठी होतीस ना तू?’ एवढंच पुन्हा पुन्हा. चौदा वर्षांची ओली पोर खाली बघत उभी राहिली. आणि रतनबाई खांबाला धरून हे सगळं बघत होती.

“ज्ञानू.”

“ज्ञानू, ऐक. एक पान राह्यलंय… न्हाई, खोटं बोलले मी. हाय एक पान. शेवटचं… वाचते. मधी बोलू नको. मधी बोललीस तर मला वाचवनार न्हाई.”

तिने वही पुन्हा उघडली आणि शाळेत उभं राहून धडा वाचावा तशी एकसुरात वाचू लागली.

“‘आज डिंकाची बाटली संपली. मावशी म्हणाली दुकानात कशाला जाता, पाटापलीकडच्या झाडाच्या गोंदण्या आणा, त्या जास्त चिकट असतात. ताई म्हणाली पाटाला आज पाणी सुटणार आहे. मावशी म्हणाली इथपर्यंत यायला रात्र होते, पळत जा आणि पळत या. आम्ही चाललो. आल्यावर इथे माझे आणि आईचे चित्र चिकटवणार.’”

म्हैस शांत झाली होती. बाजेवर अर्धवट ओळीतली शेवटची कुरडई मधेच तुटून वाळत होती.

“ऐकलंस ना?… ज्ञानू?… हाय का तू?”

“व्हय. मीच… मीच पाठवलं गं… न्हाई, झोपले नव्हते. पोलिसाला सांगितलं ते खोटं. सगळ्यांना सांगितलं ते खोटं. न सांगता गेली पोरं, मला डोळा लागला हुता, हे सगळं माझं खोटं… व्हय, ठाऊक हुतं. पाटकरी सकाळीच सांगून गेल्ता, आज पानी येनार. मी हिशेब केला, दरवर्षी आपल्या टोकाला पानी रातीचं येतं. म्हणलं अर्ध्या तासाचं काम. मला गोधडी पुरी करायची हुती, पोरं सारखी डिंक दे, डिंक दे करत हुती… बस. एवढंच. एवढ्यासाठी.”

“ऋतुजानं काय म्हणायचं? ती म्हणलीच हुती ना आधी! तीच म्हणली पानी सुटनार हाय म्हणून. त्यानं लिहूनच ठेवलंय… गप का बसली?… मी गप बसवली तिला. ओली पोर माझ्यापाशी पळत आली, पैल्यांदा मी काय केलं असंल? दंड धरला तिचा आणि म्हणलं, मी पाठवलं हे कुनाला सांगू नको. पोरगं सापडायच्या आधी, ज्ञानू. तो पाण्यात हुता आन मी हे सांगत हुते.”

तिचा आवाज आता खाली आला होता, इतका की पलीकडे कितपत ऐकू जात होतं कुणास ठाऊक.

“का म्हणजे… भ्याले. तुझ्या दाजींना भ्याले, लोकांना भ्याले… तुला भ्याले. वाटलं, पोरीला चार दिवस बोलतील, लहान हाय म्हणून सोडून देतील. मला तू जन्मभर सोडनार न्हाईस… व्हय. तू तिला मारलंस तवा मी तिथंच हुते. खांबापाशी… न्हाई बोलले. तोंड उघडलं न्हाई मी… शिव्या दे मला. दे की… ज्ञानू, काहीतरी बोल.”

ज्ञानूने शिव्या दिल्या नाहीत. तिने एकच नाव घेतलं.

“घरात हाय… आत्ता?… अगं ती बोलत न्हाई कुनाशी, तुझ्याशी काय… बरं. बरं, देते.”

हाक मारायला रतनबाईने तोंड वळवलं आणि तोंड तसंच राहिलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ऋतुजा उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती, कळायला मार्ग नव्हता. तिने हात पुढे केला. रतनबाईने फोन दिला.

“हॅलो… हो मावशी. ऋतुजा.”

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. वर्षभरात तिचा आवाज इतका जाड झालाय, हे रतनबाईच्या आज लक्षात आलं.

“नाही… नाही मावशी, नको तसं म्हणू. तुला माहीत नव्हतं… नाही दुखलं… हो. ऐकलं मी, आई वाचत होती ते.”

“सांगू?… सगळं?”

ऋतुजाने आईकडे पाहिलं नाही. ओट्याच्या कडेला बसून ती बोलायला लागली, सावकाश, मधेमधे थांबत.

“जाताना पाट कोरडा होता. तळाला नुसता चिखल. पलीकडं पोचलो, पिशवीभर गोंदण्या झाल्या… हो, तोच वर चढला होता झाडावर, मी खाली झेलत होते. परत आलो तर पाणी आलेलं. गुडघ्याएवढंच… पूल लांब आहे, शाळेपाशी. मी म्हणले पुलावरून जाऊ. तो म्हणाला एवढंसं तर पाणी आहे, ताई… मी ऐकलं त्याचं. ते माझं चुकलं. तेवढं माझंच चुकलं… हो, हात धरला होता. डावा हात. उजव्यात पिशवी होती… मधे गेल्यावर एकदम कमरेपर्यंत आलं. खाली सिमेंटला शेवाळ होतं. मी म्हणले पिशवी सोड, दोन्ही हातांनी मला धर… नाही सोडली. म्हणाला, मग चिकटवायचं कशाने?”

रतनबाईने पदर तोंडात कोंबला. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. पोरगी समोर होती, एका ताटाच्या अंतरावर जेवत होती, आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“नाही, घाबरला नव्हता. आधी तर हसत होता… मग पाय सुटला त्याचा. मी पण पडले. एका मोटारीचा पाईप होता पाण्यात सोडलेला, तो माझ्या हाताला लागला. दुसऱ्या हातात तो होता… हो, होता. बराच वेळ होता… मोजलं नाही मावशी. मी ओरडत होते. दुपारची वेळ, रानात कुणी नव्हतं… मग बोटंच राहिली. ओली होती ना, आणि गोंदण्यांच्या चिकाने बुळबुळीत… मग नाही राहिली.”

“‘ताई’ म्हणाला. एवढंच… हो, ‘आई’ नाही म्हणाला. खरं तेच सांगतेय तुला.”

आता पलीकडून येणारा आवाज रतनबाईलाही ऐकू येत होता. शब्द नव्हते त्यात. ऋतुजा फोन कानापासून दूर न करता तो आवाज संपेपर्यंत तशीच बसून राहिली. रडली नाही. एकदा फक्त म्हणाली, “मी आहे, मावशी. ठेवत नाही.”

आणि मग, काहीतरी विचारलं गेल्यावर:

“नाही… नाही, कुणी विचारलंच नाही.”

रतनबाई उठून पोरीजवळ आली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेली. ऋतुजाने मान बाजूला घेतली, रागाने नव्हे, माशी बसू नये म्हणून घ्यावी इतकी सहज.

“हो… चालेल… हो, दाखला मिळाला की… मला चालेल मावशी. खरंच… सकाळची पहिली?… बरं. फाट्यावर येते मी… हो, वही घेऊन येते. ठेव.”

तिने फोन बंद केला आणि आईच्या हातात दिला. उन्हाचा चटका आता ओट्यापर्यंत आला होता. पातेल्यात उरलेल्या चिकावर जाड साय धरली होती, त्याच्या कुरडया आता होणार नव्हत्या.

“काय म्हणली?”

“उद्या सकाळच्या गाडीने येतीये. फाट्यावरूनच परत जाणार, वस्तीवर यायची नाही. मला तिकडं अकरावीला घालते म्हणाली. तिच्याकडंच राहायचं.”

“आन तू?”

“हो म्हणले.”

“तुझ्या बापाला तरी…”

“त्यांना मी सांगते. सगळंच सांगते.”

रतनबाईने मान हलवली. अडवायला तिच्यापाशी तोंड नव्हतं आणि ते दोघींना कळत होतं. ऋतुजाने आईच्या मांडीवरून पडलेली वही पायरीवरून उचलली, झटकली आणि आत निघाली. तेव्हा मात्र रतनबाईला राहवलं नाही.

“ऋतू… माझ्याबद्दल काय म्हणली का गं ती? काहीबी?”

ऋतुजा थांबली. तिने खरोखर आठवून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुझं नाव नाही काढलं.”